सोवळ्यातलं पाणी

ल्युसर्न शहराच्या उत्तरेला, दोन बुटक्या डोंगरांच्या बेचक्यात रोटझे नावाचं लांबुळकं तळं आहे. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, रुंदी दोन-अडीचशे मीटर. पट्टी लावून आखल्यासारखं सरळ, पण खणलेलं नव्हे, नैसर्गिकच. दोन्ही बाजूंच्या चढांमुळे वारा फारसा आत शिरत नाही आणि प्रवाह म्हणावा असाही नाही. दोन हजार मीटरची सहा लेनची शर्यत त्यात नेमकी बसते. 1933 पासून इथे शर्यती होताहेत. रोइंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1962 साली इथेच झाली, नंतर 1974, 1982 आणि 2001 मध्येही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जगभरचे वल्हेकरी इथल्या रेगाटाला, म्हणजे शर्यतींच्या मेळ्याला, येतात आणि या तळ्याला 'देवांचं तळं' म्हणतात.

अशाच एका रेगाटाला मी काकांना आणि ताईला घेऊन गेलो होतो. खरं म्हणजे त्यांनीच मला नेलं होतं. काका लष्करातून निवृत्त झालेले. पुण्यात असताना त्यांच्या हातात वल्हं आलं, ते डोक्यातून अजून खाली उतरलेलं नाही. ताई पाण्याची अभियंता आहे. सांडपाणी शुद्ध करणं हा तिचा धंदा, आणि लग्नानंतर ती या भागातच स्थायिक झाली आहे. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, पण कुठल्याही विषयावर दोघं एका बाजूला आलेले मी पाहिलेले नाहीत. त्या दिवशी त्यांची जी जुंपली ती जमेल तशी इथे देतो. मधूनमधून मीही तोंड घालीन. काठावरच्या पायवाटेवर दोघांच्या मधोमध मीच चालत होतो, त्यामुळे इलाज नव्हता.

सगळे प्रेक्षक शेवटच्या रेषेकडे निघाले होते. काका उलट दिशेला वळले. त्यांना आधी सुरुवात बघायची होती.

सुरुवातीला सहा छोटे तराफे होते. प्रत्येकावर एक पोरगं पालथं पडून बोटीचं शेपूट दोन्ही हातांनी धरून होतं. बोटी उलट्या येऊन तराफ्याला लागल्या. पुढचं टोक पाण्यातल्या एका खोबणीत टेकवायचं, बाजूचा पंच डोळा लावून सहाही टोकं एका रेषेत आहेत का ते बघतो, नसतील तर तराफाच थोडा पुढे-मागे सरकवतात. मग एकेका देशाचं नाव पुकारलं जातं. लाल दिवा. सगळे पुढे वाकून गोठल्यासारखे. हिरवा दिवा लागतो, भोंगा वाजतो, खोबणी पाण्याखाली पडते आणि पालथं पडलेलं पोरगं हात सोडून देतं.

काका : बघितलंस? सिंगलची, म्हणजे एकट्याने मारायची, बोट आठ मीटरहून लांब आणि वजनाला फक्त चौदा किलो. वाऱ्याची झुळूक आली तरी टोक हलतं. तरी सहा टोकं एका सुतात आणल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही. पहिल्या शंभर मीटरच्या आत कुणाचं सामान मोडलं, तर सगळ्यांना परत बोलावतात.

ताई : काका, धावण्याच्या शर्यतीतही सगळे एका रेषेवरच उभे राहतात.

काका : तिथे जमीन असते गं. जमीन माणसाने रोलर फिरवून सपाट केलेली असते. इथे पाणी आहे. पाण्याला सहा सारख्या वाट्या करायला लावायचं म्हणजे चेष्टा नाही. 1960 च्या ऑलिंपिकला रोमजवळच्या अल्बानो सरोवरात पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ताणून त्यांवर बोये बांधले. आजही त्याला 'अल्बानो पद्धत' म्हणतात. त्याआधी लेन होती ती मुख्यतः पंचाच्या नजरेत आणि नशिबात.

ताई : आणि दोन वर्षांनी इथे जागतिक स्पर्धा.

काका : ती थॉमस केलरची. स्वतः स्विस, स्वतः वल्हेकरी. 1956 साली मेलबर्नला जायचा होता, पण हंगेरीतल्या रशियन रणगाड्यांच्या निषेधार्थ स्वित्झर्लंडने बहिष्कार टाकला आणि हा घरी बसला. दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला, आणि 1989 मध्ये वारला तोपर्यंत अध्यक्षच होता. सहा लेन, सारखी खोली, सारखा वारा, हा सगळा हट्ट त्याचा.

इथे काका मूळ मुद्दा सोडून एका जुन्या गोष्टीत शिरले. मेलबर्नच्या त्या ऑलिंपिकचं रोइंग बॅलराटच्या वेंडुरी तळ्यात झालं. सिंगल स्कल्स जिंकला सोव्हिएत संघाचा अठरा वर्षांचा व्याचेस्लाव इवानोव्ह. आनंदाच्या भरात त्याच्या हातून सुवर्णपदक पाण्यात पडलं, आणि पाणबुडे उतरले तरी सापडलं नाही. शेवटी त्याला दुसरं पदक दिलं. सहा वर्षांनी रोटझेवरच्या पहिल्या जागतिक स्पर्धेतही सिंगल त्यानेच मारली. काकांनी ही गोष्ट अशी सांगितली की जणू पदक काढायला तेच उतरले होते.

ताई : पदक तळाशी गेलं ते बरं झालं. तळाकडे निदान कुणाचं लक्ष तरी गेलं. काका, तुमच्या या देवांच्या तळ्याचा तळ कसा आहे, माहितीये? उन्हाळा चढला की खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. मिथेन साठत जातो. वर्षातून एकदा, थंडीत, वरचं पाणी आणि खालचं पाणी एकत्र घुसळतं, तेवढाच काय तो श्वास. जलशास्त्रज्ञ हे तळं अभ्यासतात ते यासाठी. एके काळी गावाचं सांडपाणी यात यायचं. ते धुऊन काढायला रॉइस नदीचं पाणी कालव्याने आत सोडावं लागलं होतं.

काका : असेल. बोट वीतभरही बुडत नाही. खाली मिथेन असो नाहीतर कस्तुरी, वल्ह्याला फरक पडत नाही.

ताई : बोललात! म्हणजे तुमचा न्याय वीतभर खोल.

काका : वीतभर कसा? पाणी उथळ असलं की बोट जड होते, हे ज्याने वल्हं मारलंय त्याला विचार. एका लेनखाली तळ वर आला असेल तर त्या लेनवाला मेलाच. म्हणून तळ सपाट नसेल तर कमीत कमी तीन मीटर पाणी लागतं, असा नियम आहे.

ताई : ठीक आहे, तीन मीटर. त्याखालचं तुम्ही बघत नाही, आणि काठावरचंही नाही.

इतका वेळ मी ताईच्या बाजूने कललो होतो असं नाही, पण काकांचा हा सहा सारख्या वाट्यांचा अभिमान मला जरा सोपा वाटायला लागला होता. मी विचारलं, की वारा आडवा आला तर? तळ्याच्या एका कडेला झाडांचा आडोसा मिळेल, दुसऱ्या कडेला लाटा. मग वाट्या सारख्या कशा?

काकांनी घसा खाकरला. ताई हसली, तिला उत्तर माहीत होतं.

काका : त्यासाठी फेअरनेस कमिटी असते. स्पर्धा थांबवते, वेळ पुढे ढकलते. रिओला 2016 मध्ये लागोआ तळ्यावर वारा सुटला तेव्हा अख्खा दिवस रद्द केला होता, एकदा नाही, दोनदा.

ताई : पण त्याच्या आदल्या दिवशी शर्यती घेतल्याच होत्या ना? सर्बियाची जोडी बोटीसकट पाण्यात पडली. आणि थांबवणं शक्य नसेल तर काय करतात, तेही सांगा.

काका : लेन बदलून देतात.

ताई : कुणाला कुठली?

काका : ...मागच्या फेरीत ज्यांची कामगिरी चांगली, त्यांना आडोशाची.

ताई : ऐकलंस? पाणी सारखं नसेल तर चांगलं पाणी पुढे असलेल्याला. एरवीसुद्धा अंतिम फेरीत उपांत्य फेरीचे विजेते तिसऱ्या-चौथ्या लेनमध्ये, दुसरे आलेले त्यांच्या बाजूला, आणि तिसरे आलेले पहिल्या नाहीतर सहाव्या लेनमध्ये, पार कडेला.

काका : मग काय शेवटच्याला आडोसा द्यायचा? ज्याने परवा जोर लावला नाही त्याला आज बक्षीस? असं केलं तर उपांत्य फेरीत सगळे मुद्दाम सावकाश मारतील. आडोसा कुणाला तरी मिळणारच असेल, तर तो कमावलेल्याला मिळू दे.

हे उत्तर मला पटलं. पटलं म्हणून जास्त त्रास झाला. पाणी सारखं करण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या खेळाला, ते सारखं करता आलं नाही की दुसरं तत्त्व बाहेर काढावं लागतं: ज्याचं आहे त्याला आणखी. आणि तेच तिथे त्यातल्या त्यात न्याय्य ठरतं. आपल्याकडे प्रवेशाच्या, नोकरीच्या, पाण्याच्या पाळीच्या रांगेत उभं राहून आपण याच दोन तत्त्वांवर भांडत असतो.

पुढची शर्यत आमच्या समोरून गेली. महिलांची दुहेरी होती. जवळून बघितलं की कळतं, वल्ह्याचा आवाज फारसा होत नाही. आवाज येतो तो सरकत्या बैठकीचा, आणि दर झटक्याला सहाही बोटींतून एकदम सुटणाऱ्या श्वासाचा. मागून पंचांची मोटरबोट, पांढरा आणि लाल झेंडा घेऊन. काकांनी सांगितलं, तक्रार असेल तर शर्यत संपल्यावर तिथेच पाण्यात बसून हात वर करायचा. काठावर आलं की तक्रार गेली.

ताई : काका, तुमचं रोइंग म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक आहे. ओट्याभोवती रेघ मारायची, रेघेच्या आत कोरडं वस्त्र, धुतलेले हात, कुणी शिवायचं नाही. आणि ओट्यावर तांदूळ कुठून आला, कुणी पेरला, कुणाच्या घरात आज चूल पेटली नाही, ते विचारायचं नाही. त्या पिवळ्या बोटी बघा, जर्मनीतून येतात. एका सिंगलची किंमत लाखांत. सरळ, निवाऱ्याचं, दोन किलोमीटरचं पाणी जगात किती गावांच्या वाट्याला आलंय? नसेल तर खणा. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मॅरेथॉनजवळ शिनियासच्या पाणथळीत कालवा खणला, पर्यावरणवाले ओरडत राहिले. आणि आदल्या वर्षी तिथे ज्युनियरांची जागतिक स्पर्धा घेतली तर वाऱ्याने बोटी भरून बुडायला लागल्या.

काका : सोवळं म्हण, काही म्हण. पण त्या रेघेच्या आत कोण शिरलं ते बघ की! तळेगाव रोही माहितीये का?

ताई : चांदवड तालुका.

काका : दुष्काळी गाव. दत्तू भोकनळ तिथला. वडिलांबरोबर विहिरी खणायचा. ज्या गावात पाणी पाहायला खड्ड्यात उतरावं लागतं तिथला पोरगा 2012 मध्ये लष्करात आला, तेव्हा पाण्याला घाबरायचा. त्याला बोटीत बसवलं. चार वर्षांत रिओला गेला. त्याआधी कोरियात चुंगजूच्या तळ्यावर पात्रता स्पर्धेत रौप्य मारलं, जिथे 2013 ची जागतिक स्पर्धा झाली होती तेच तळं. रिओत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आता मला सांग, तळेगाव रोहीच्या पोराला न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलच्या स्पर्धेत उतरून स्वतःची जागा कुठे आहे हे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत कळतं, ते कशामुळे? त्या रेघेमुळेच ना? रेघ नसती तर लोक म्हणाले असते, त्याला वारा लागला, याला प्रवाह मिळाला.

ताई : ते पूर्ण खरं नाही. तुमच्या खेळात जागतिक विक्रमच मानत नाहीत. 'सर्वोत्तम वेळ' म्हणतात, कारण आजचं पाणी आणि उद्याचं पाणी एक नसतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. सेकंदाचा शंभरावा हिस्सा त्या सहा लेनपुरता आणि त्या सात मिनिटांपुरता.

काका : सात मिनिटं तर सात मिनिटं. रिओच्या त्याच सिंगलच्या अंतिम शर्यतीत ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन, दोघांची वेळ 6 मिनिटं 41.34 सेकंद. शंभराव्या हिश्शापर्यंत एकच. फोटो काढून ठरवावं लागलं. जिथे देवालाही निवाडा करता आला नसता तिथे कॅमेऱ्याने केला, आणि मार्टिनने मान्य केला. एवढं तुझ्या सांडपाण्याच्या निविदांत तरी असतं का?

ताई यावर काही बोलली नाही. निविदेचा टोला बसला होता.

पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. दत्तू भोकनळचं नाव घेतलं की आपण त्याची गोष्ट नेहमी विहिरीपासून सुरू करतो आणि ऑलिंपिकवर संपवतो. मला त्यातली 2018 ची आशियाई स्पर्धा जास्त मोलाची वाटते. इंडोनेशियात पालेम्बांगच्या जकाबारिंग तळ्यावर एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्ण. एका दिवसात त्याचे हात बदलले नव्हते. एकट्याने मोजला जाणं आणि चौघांत मोजला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेनची रेघ यातलं काही सांगत नाही. हे मी बोललो तर काका म्हणाले, "तू मध्ये कविता घालू नकोस."

ताई : बरं, दत्तू शिरला. मान्य. लष्कराने बोट दिली, पुण्यात सीएमईत, लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, खणलेलं चॅनेल दिलं, जेवण दिलं, म्हणून शिरला. तुमचा संगमाकडचा मुळा-मुठेचा प्रवाह जलपर्णीतून उपसून काढावा लागतो, तिथून शिरला नसता. पण मला शरीराचं सांगा. ड्रायस्डेल दोन मीटर उंच. लांब हात, लांब पाय, लांब झटका. आपल्याकडची किती माणसं दोन मीटरची? म्हणून तर 1974 मध्ये याच रोटझेवर पहिल्यांदा हलक्या वजनी गटाची जागतिक स्पर्धा झाली ना? पुरुष साडेबाहत्तर किलोच्या आत. तिथे आपल्याला जागा होती. टोकियोला अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग हलक्या वजनाच्या दुहेरीत अकरावे आले, ऑलिंपिकमधली भारताची सर्वोत्तम कामगिरी. आणि पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून तो गटच काढून टाकला. तुमच्या रेघेने त्याला वाचवलं का?

मला वाटलं आता काका उसळतील. झालं उलट.

काका : बरं झालं काढला.

ताई : काय?

काका : मी हलक्या वजनात मारायचो. तुला काय माहीत तो गट काय असतो. सत्तर किलोची सरासरी आणायची म्हणून वजनाच्या आदल्या रात्री दोन स्वेटर घालून पळायचं. जेवण नाही. पाणी तोंडात घेऊन थुंकायचं. शर्यतीच्या तास-दोन तास आधी वजन, आणि त्या दोन तासांत जेवढं पोटात ढकलता येईल तेवढं ढकलायचं. आमच्यातला एक जण काट्यावरून उतरताना चक्कर येऊन पडला होता. त्याला उचलून बोटीत बसवला आणि मारली शर्यत. नियमात सगळं बसत होतं.

ताई : मग आता सत्तर किलोच्या माणसाने कुठे जायचं?

काका : मोठ्यांत जावं आणि हरावं. बलराज पंवार पॅरिसला गेलाच ना एकेरीत? पहिल्या शर्यतीत चौथा आला, रेपेचेजमधून, म्हणजे हरलेल्यांच्या दुसऱ्या संधीतून, वर चढला, उपांत्यपूर्व फेरी गाठली, शेवटी तेविसावा. हरला, पण जेवून हरला.

ताई : आणि तेविसाव्याला पुढच्या वेळी बोट घेऊन द्यायला कोण पैसे काढेल? पदकाची शक्यता दिसली नाही की खजिना आटतो, हे तुम्हीच मला शिकवलंत.

काकांनी यावर हात उडवला. दोघांनी एव्हाना जागा बदलल्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं: सकाळी सोवळ्याची टर उडवणारी ताई आता ओट्याभोवती आणखी एक रेघ मागत होती, आणि रेघेचे पुजारी असलेले काका ती पुसायला निघाले होते. मला विचाराल तर या मुद्द्यावर दोघंही बरोबर आहेत, आणि त्यातून वाट निघत नाही. हलका गट ठेवला तर माणसं स्वतःला सुकवतात. काढला तर आशियातल्या बहुतेक देशांनी फक्त हजेरी लावायची. समुद्रकिनाऱ्यावरच्या 'बीच स्प्रिंट' शर्यती 2028 मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला येताहेत. तिथे किनाऱ्यावर पळणं, लाटेतून बोट काढणं, वळसा घालणं असतं. कोकणातल्या पोरांना त्यातलं काही नवीन नाही. कुणी तिकडे बघेल तर बघेल.

लॉस एंजेलिसचा विषय निघालाच होता, तर काकांना खरा राग आला तो अंतराचा. तिथे रोइंग लाँग बीचच्या 1932 च्या जुन्या जलक्रीडांगणात होणार, आणि मध्ये पूल आल्यामुळे शर्यत दोन हजारांऐवजी दीड हजार मीटरची.

काका : दोन हजार म्हणजे दोन हजार! पहिल्या पाचशेत सगळेच शूर असतात. तिसऱ्या पाचशेत माणूस कळतो. तेच कापून टाकले.

ताई : बायकांना किती वर्षं एक हजारच दिलं होतं, आठवतंय? 1976 ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा ऑलिंपिकला घेतलं तेही हजार मीटरवर. 1984 पर्यंत हजार. का, तर दोन हजार त्यांना झेपणार नाहीत. 1985 पासून दोन हजार मारायला लागल्या आणि कुणी मेलं नाही. तेव्हा तिसरे पाचशे कापल्याचं तुमच्यातल्या कुणाला दुःख झालं होतं का?

काका : मला झालं नव्हतं.

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की ताईचा पुढचा वार तसाच हातात राहिला. 1974 मध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धाही याच तळ्यावर झाली, हे ती सांगणार होती. मग तिने ते मला सांगितलं.

चालत चालत आम्ही शेवटच्या रेषेपाशी आलो. तिथे पाण्यातच खांबांवर उभा केलेला लाकडी मनोरा आहे, 2013 मध्ये बांधलेला. वर्षातले काही आठवडे सोडले तर झडपा लावून बंद असतो. तेवढ्या दिवसांत मात्र पंच, घड्याळवाले, समालोचक सगळे त्याच्या मजल्यांवर. काकांनी त्याची सुतारकी बघून घेतली, ताईने खांबांभोवतीचं शेवाळ. पलीकडच्या चढावर गाई चरत होत्या आणि तळ्याला लागून झुरिकची गाडी गेली. 2027 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा परत इथेच आहे. काकांनी त्याच्या तिकिटांची चौकशी तिथल्या तिथे सुरू केली, ताईकडून भाषांतर करून घेत.

दिवसाची शेवटून दुसरी शर्यत, पुरुषांची चौघांची, सुरू व्हायला आली होती. वारा नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती.

ताई : काका, सगळ्या लेन सारख्या, असं म्हणता ना? मग पैज लावा. माझे दहा फ्रँक सहाव्या लेनवर.

काका : लावतो. वारा नाही, म्हणजे सहावी काय आणि पहिली काय. माझे दहा पहिलीवर!

मी दहा फ्रँक काढले आणि चौथीवर लावले. उपांत्य फेरी जिंकलेला तिथे बसवतात हे तासाभरापूर्वी या दोघांनीच शिकवलं होतं. हजार मीटरपर्यंत पहिली लेन पुढे होती, काका खुर्चीवर उभे राहिले, मागच्या स्विस बाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. दीड हजारावर चौथीने वेग वाढवला आणि पाऊण बोटीने मारली. पहिली लेन तिसरी आली, सहावी पाचवी. काकांचं म्हणणं, पहिल्या लेनवाल्यांनी वेग फार लवकर वाढवला. ताईचं म्हणणं, चौथ्या लेनला दोन्ही बाजूंच्या बोटी दिसत राहतात, कडेच्याला एकच बाजू, तेव्हा लेन सारख्या नाहीतच. वीस फ्रँक मी खिशात टाकले आणि तिघांसाठी सॉसेज आणायला रांगेत जाऊन उभा राहिलो.